खडकावरची विरळणी

आशागडजवळच्या पाड्यावरची तुळशी अमावास्या-पुनवेच्या ओहोटीला डहाणूच्या किनाऱ्यावर यायची आणि सळईने खडकावरच्या काळ्या शिंपल्या सोडवून न्यायची. २०१६च्या दिवाळीनंतर किनाऱ्यावरच्या गावाने ठरवलं, पाड्यावरच्या बायकांनी खडकाला हात लावायचा नाही.

"तुम्ही ओरबाडता, म्हणून शिंपल्या बोटाच्या पेरापुढे वाढत नाहीत," बैठकीत गावसमितीचे प्रमुख काशीनाथ म्हणाले.

तुळशी पुढे आली. "काशीनाथभाऊ, तुमच्या वाडीत मुळ्याची दाट रोपं उपटून विरळणी मीच करते. नाही केली तर काय होतं?"

"मुळ्याचं सोड."

"नुसत्या शेपट्या होतात. हे पण दाटीनंच खुरटलंय. एक खडक द्या, एक पावसाळा जाऊ द्या. खोटी ठरले तर परत येणार नाही."

"आणि मी खोटा ठरलो तर?"

"तर आम्ही येणार. विचारायला नाही, काढायला."

लोक हसले, पण खडक मिळाला. त्याचा एक भाग तिने तसाच ठेवला. मधल्या भागातल्या निम्म्या शिंपल्या काढल्या. तिसऱ्या भागावर मूठभरच ठेवल्या, लांब लांब. तिची सगळी भिस्त या तिसऱ्या भागावर होती.

मे महिन्यात दुपारच्या ओहोटीला नेमक्या त्याच भागातल्या शिंपल्या उन्हाने भाजून मेल्या, तोंडं वासून.

"हरलीस," काशीनाथ म्हणाले.

तुळशीला स्वतःचाच राग आला. तिने मधल्या भागातल्या फटीत बोट घातलं. आत गार ओल होती.

"इथं चुकले. एकमेकींच्या सावलीलाही राहावं लागतं त्यांना. पण पाऊस अजून जायचाय."

नारळी पुनवेनंतर समुद्र निवळला. दाट भागातला गोधडीएवढा थर लाटांनी सोलून नेला होता. शिंपल्यांवर शिंपल्या चढून खालच्या गुदमरून मेल्या, मग दगडाला धरायला कोणीच उरलं नाही. वाचलेल्या तशाच पेराएवढ्या. मधल्या भागात मात्र सगळ्या बोटभर लांब, घट्ट चिकटलेल्या.

काशीनाथांनी एक हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. "समितीपुढे ठेवतो."

दोन महिने समिती बसलीच नाही. मग एका अमावास्येला तुळशी अकरा बायका घेऊन आली. काशीनाथ पायवाटेवर आडवे उभे राहिले.

"निर्णय झालेला नाही."

"शब्द झालाय," तुळशी म्हणाली. मग बायकांकडे वळली. "निम्म्या ठेवायच्या गं. खडक साफ करणारीला मीच हाकलीन."

काशीनाथ हलले नाहीत. बायका लुगडी खोचून त्यांच्या दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरल्या.