चार हातांचा देव

पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा आम्ही पोलादपूरला लेकीकडे होतो. महाडला परतलो तर देव्हारा चिखलात उताणा. घंटा मिळाली, ताम्हण मिळालं. विष्णूची पितळी मूर्ती मात्र मिळाली नाही. गटारापर्यंतचा गाळ हातांनी चाळला. नाही ती नाहीच.

मी रडत बसले नाही. मूर्ती गेली म्हणून पूजा सोडायची नसते. पाटावर मूठभर तांदूळ घातले, त्यावर सुपारी ठेवली आणि डोळे मिटून रोजचा ध्यानाचा श्लोक म्हटला.

हा श्लोक मला सासऱ्यांनी शिकवला. मी नाते गावची, चौथी शिकलेली. मला संस्कृत कुठून येणार? अर्थ त्यांनी एकदाच सांगितला. देवाला चार हात, त्यांत शंख, चक्र, गदा आणि कमळ, अंगावर पिवळं वस्त्र. म्हणाले, "आधी हे सगळं डोळ्यांपुढे आण, मग पाणी घाल. नाहीतर पूजा आणि भांडी घासणं यांत फरक काय?" नवरा गेल्यावर पूजा माझ्याकडे आली. श्लोकाशिवाय मी देवावर कधी पाणी घातलेलं नाही.

पुढे मुलगा कामासाठी पुण्याला गेला, तो येताना नवी मूर्ती घेऊन आला. कागद सोडला, तर कमरेवर हात ठेवून विठोबा उभा.

"याला दोनच हात," मी म्हटलं.

"विठ्ठल म्हणजे विष्णूच ना, आई?"

"असेल. पण रोज तोंडाने चार हात म्हणायचे आणि पुढे दोन हातवाला ठेवायचा? देवापुढेच खोटं बोलू?"

"मग श्लोक बदल. मोबाईलवर विठ्ठलाचा शोधून देतो."

"तू बदल तुझा मोबाईल. माझा श्लोक नाय बदलायचा."

सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती शाळेत शिकवते, तिला गप्प राहवत नाही. "पण आई, सुपारीला तर एकही हात नाही. ती कशी चालते?"

मुलगा खो खो हसला. मला राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून बसले. म्हटलं, करून तर बघू. सुपारी बाजूला ठेवली, विठोबाला पाटावर घेतलं आणि श्लोक सुरू केला. चक्रापर्यंत आले की डोळ्यांपुढे कमरेवरचे हात येत. थांबले, पुन्हा पहिल्यापासून म्हटला. पुन्हा तेच. पळीतलं पाणी हातात तसंच राहिलं. मग विठोबाला उचललं आणि सुपारी जागेवर ठेवली. श्लोक संपेपर्यंत चारही हात आले. पाणी घातलं.

सुनेला हाक मारली. "सुपारी मध्येच आपलं काही दाखवत नाय गो. मी सांगते ते मुकाट ऐकते. विठोबाला तू घे, त्याचं जे काय असेल ते तू म्हण."

तिने खरंच घेतला. तिच्या पुस्तकांच्या फळीवर ठेवला आणि शाळेत जाताना त्याला फूल वाहू लागली.

"म्हणजे आता मी चार हातांचा शोधत हिंडू?" मुलगा म्हणाला.

"हिंड. आणि हात मोजून आण."

त्याला अजून मनासारखी मूर्ती मिळालेली नाही. मला घाई नाही. सुपारीला कीड लागली की दुसरी ठेवते. श्लोक तोच.