डेस्मंड पास्कची परवानगी

डेस्मंड पास्कनं तोंडाला जरा लगाम घातला असता, तर इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या सपाट मुलखातली निम्मी शेतं आजही त्याला शिकारीला खुली असती. पण लगाम घालेल तो पास्क कसला! एका शेतकऱ्याला तो म्हणाला, "तुझ्या नांगरटीची ही वाकडी तासं बघून वाटतं, ट्रॅक्टर तुझ्या सासूनं चालवला." खरोखरच सासूनं चालवला होता, आणि ती मागंच उभी होती. दुसऱ्याच्या बायकोनं प्रेमानं पुढं केलेला केक चाखून यानं विचारलं, हा उंदरांसाठी केला होता का. असं करता करता एकेकानं हातावर नारळ ठेवला, आणि शेवटी उरलं ते साल्टर्सबीच्या मॉरिस कॉडचं शेत.

बंदुकीचा परवाना पोलीस देतात, पण जमीन शेतकरीच देतो, तीही तोंडी आणि मनात आलं तर. जमीन नसेल तर बंदूक म्हणजे कपाटात कुलूप लावून ठेवलेली काठी. आणि डेस्मंडजवळ दुसरं होतं काय? डबाबंद वाटाण्याच्या कारखान्यातली फिटरची नोकरी संपली होती. बायको, मॉरीन, केव्हाच पीटरबराला बहिणीकडे निघून गेली होती. जाताना म्हणाली, "या घरात बंदुकीला कुलूप आहे, जिभेला नाही." पोरंबाळं नाहीत, चर्चची वाट माहीत नाही, बागेत फुलझाड नाही. पिकावर पडणारी रानकबुतरं टिपणं एवढंच त्याला येत होतं. ते मात्र असं यायचं की त्याच्या वैऱ्यानंही मान डोलवावी. कॉडचं शेत गेलं की आपला खेळ आटोपला, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी अक्कल येईल तर शपथ!

मित्र म्हणायचे तर दोन. रसेल हा नॉटिंगहॅमचा दातांचा डॉक्टर. टोपीपासून बुटापर्यंत सगळं नवं कोरं, सगळ्यावर झाडाची पानं छापलेली, बंदूक इटलीची आणि नेम यथातथाच. लायनल हा निवृत्त बसचालक, गोल पोटाचा, सदा हसरा. बंदूक हातात घेतली की मात्र त्याचं सगळं आभाळाच्या मर्जीवर. डेस्मंड त्याला बरोबर का घ्यायचा? कारण गाडी लायनलची होती, आणि टिंगल करायला कोणीतरी लागतंच.

एप्रिलात कॉडच्या मोठ्या तुकड्यात वाटाणा उगवून दोन पानांवर आला, आणि डेस्मंडनं शनिवार-रविवारचा बेत ठरवला. बोलणं पक्कं करायला त्यानं रसेलला फोन केला, तर रसेल म्हणतो, "आमच्याकडे गेल्या आठवड्यात कबुतरांचा ढीग पडला, डेस, ढीग! तुझ्या त्या कॉडकडे काय असणार? दोनचार चिमण्या?"

झालं. मिरची झोंबली. "तू ये फक्त," डेस्मंड म्हणाला. "पिशव्या जास्तीच्या आण. आणि काडतुसंही, तुझी सगळी हवेत जातात म्हणून."

बुधवारी संध्याकाळी तो एकटाच सायकलवर शेत बघायला गेला. यात नवल नव्हतं. कबुतरं कुठल्या झाडावरून उठतात, कुठल्या वाटेनं येतात, कुठं उतरतात, हे आधी बघून ठेवल्याशिवाय कोणी शहाणा दडून बसायचं लपण बांधत नाही. पण कबुतरं उतरतच नव्हती. शेताच्या मध्यावर कॉडनं गॅसची तोफ ठेवली होती, थोड्या थोड्या वेळानं आपोआप नुसता आवाज काढणारी. थवा पाण्याच्या चरापलीकडच्या झाडांवरून उठायचा, वाटाण्यावर घिरटी घालायचा, तेवढ्यात धडाम! परत झाडावर. पाखरं उपाशी होती आणि पीक सुखरूप होतं.

कॉड लेकीकडे स्केगनेसला गेला होता, तो रविवारी परतणार होता. डेस्मंडनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि सिलिंडरचा कान पिरगाळून तोफ बंद केली.

त्याला लाज वाटली असेल असं कोणी समजू नका. उलट स्वतःच्या हुशारीवर तो बेहद्द खूश झाला. दोन दिवस निवांत चरू देत, चटक लागू दे, मग शनिवारी बघा कसे थवेच्या थवे उतरतात! ज्या माणसाला पीक राखायला ठेवलं त्यानंच राखण बंद केली. कुंपणानं शेत खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

शनिवारी सकाळी तिघं शेतावर पोचले. पूर्वेचा वारा हाडं गोठवत होता. डेस्मंडनं चराच्या काठी काठ्या रोवून जाळं ताणलं, स्वतःसाठी आणि रसेलसाठी झकास लपण केलं, पुढ्यात नकली कबुतरं मांडली. मग लायनलकडे वळला.

"तू त्या लांबच्या कोपऱ्यात. तिथं आंधळं कबुतरसुद्धा येत नाही. शोभेल तुला."

"बरं," लायनल म्हणाला.

"आणि नीट ऐक, ढब्ब्या. पहिली येतात ती टेहळणीला येतात. त्यांना हात लावायचा नाही. ती बिनघोर उतरली की मागून थवा येतो. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, जागचं हलायचं नाही."

"आणि लघवीला लागली तर?"

"म्हणून बाटली आणायला सांगितली होती."

"आणली की. पण तिच्यात चहा भरलाय."

डेस्मंडनं कपाळावर हात मारला आणि रसेलकडे बघून म्हणाला, "असली माणसं बस चालवत होती आपल्या देशात."

त्यानंतर जे झालं त्यात डेस्मंडला नावं ठेवायला जागा नाही. कबुतरं आली, आणि अशी आली की रसेल काडतुसं भरायचंही विसरला. दोन दिवसांची चटक लागलेली पाखरं नकली कबुतरांच्या मधोमध बिनदिक्कत उतरत होती. पहिली खुशाल चरू दिली, मागची चरू दिली, आणि गर्दी दाटली की मग डेस्मंड उठायचा. दोन बार, दोन पाखरं. परत खाली, परत शांत, परत नवा थवा. उडाली ती फिरून यायचीच, कारण जेवण इथं होतं.

लांबच्या कोपऱ्यात मात्र नुसता तमाशा. लायनलला आभाळात ठिपका दिसला की तो बार काढायचा. चुकला की लपणातून उभा राहून टोपी हलवत ओरडायचा, "अरे, थांब की!" मग चहा प्यायचा, मग गायचा. पाखरं त्या कोपऱ्याकडे वळायची आणि हवेतूनच माघारी जायची. त्या दिवशी त्यानं एक पीस पाडलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

शनिवारी संध्याकाळी पबमध्ये डेस्मंडच्या अंगात आलं. लायनलचं उभं राहणं, टोपी हलवणं, सगळं त्यानं खुर्चीवर चढून करून दाखवलं. चार टेबलांवरची माणसं हसली. लायनलही हसला, त्याला दुसरं येतंय काय? बिअर चढली तशी डेस्मंडनं तोफेची गोष्टही फोडली.

"बंद केलीस?" लायनलनं विचारलं. "आणि कॉडला कळलं तर?"

"त्या म्हाताऱ्याला काय कळतंय! पाखरांचा ढीग बघितला की माझे पाय धरेल."

"वा, गुरू!" रसेल म्हणाला आणि त्यानं सगळ्यांना आणखी एकेक ग्लास पाजला.

रविवारी दुपारी कॉड आला. त्याच्या वाटेवर, गवतावर, डेस्मंडनं शिकार ओळीनं मांडून ठेवली होती, माना सगळ्या एका बाजूला. रसेल फोटो काढत होता.

"बघा, मालक!" डेस्मंड छाती काढून म्हणाला. "तुमच्या पिकाचे चोर."

कॉडनं ओळींकडे नजर टाकली आणि सरळ वाटाण्यात शिरला. डेस्मंडच्या लपणासमोर तो वाकला. तिथं पान नव्हतं. नुसते खुंट होते, शेळ्यांचा कळप चरून गेल्यासारखे. तो चालत राहिला. लांबच्या कोपऱ्यात पोचला, तिथं बराच वेळ उभा राहिला. तिथला वाटाणा हिरवागार आणि जशाचा तसा होता. मग तोफेपाशी जाऊन तो परत आला.

"त्या कोपऱ्यात कोण बसलं होतं?"

"हा आमचा लायनल. दोन दिवस नुसता उभा राहून टोपी हलवतोय नि गातोय, एकही पाडलं नाही पठ्ठ्यानं. म्हटलं, पायात येणार नाही असा लांब बसवावा."

"तोफ बंद का आहे?"

"गॅस संपला असेल, मालक."

"सिलिंडर उचलून बघितला मी. भरलेला आहे."

डेस्मंडची नजर जरा भिरभिरली आणि मग, काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं बोट केलं ते लायनलकडे. "मग यानंच धक्का दिला असेल. बावळटच आहे तो."



"गुरुवारी सकाळी मला स्केगनेसला फोन आला," कॉड सावकाश म्हणाला. "चरापलीकडच्या मिसेस व्हिनीचा. ही बाई दर वर्षी त्या आवाजावरून माझं डोकं खाते. म्हणाली, 'मॉरिस, शेवटी ऐकलंस रे माझं, काल संध्याकाळपासून कसं शांत वाटतंय.' मला वाटलं, बाईला आता ऐकूच येत नसेल. बुधवारी संध्याकाळी इथं कोण होतं, डेस्मंड?"

रसेल एकाएकी बंदुकीची नळी पुसायला लागला. पुसता पुसता म्हणाला, "तूच तर काल सांगत होतास, डेस." ज्यानं गुरू म्हणून बिअर पाजली तोच हा. पण डेस्मंडला मित्रही त्याच्याच लायकीचे मिळणार ना!

"पाखरं मारायला मी तुला ठेवलं नव्हतं," कॉड म्हणाला. "वाटाणा राखायला ठेवलं होतं. तू तर त्यांना जेवायला बोलावलंस, माझ्या ताटात. तुझं इथलं येणं आजपासून बंद."

"मालक, असं नका करू. इतकी वर्षं..." एरवी टोमणे मारणारी डेस्मंडची जीभ आता आर्जवं करत होती. "मला दुसरं शेत नाही हो."

"ते तुझं तू बघ." कॉड लायनलकडे वळला. "तू येत जा."

"मी? पण मला एकसुद्धा लागत नाही."

"लागायची गरजच नाही. उभा राहतोस, हात हलवतोस, गातोस म्हणे. बुजगावणं विकत आणलं तर पैसे पडतात."

कोणा मानी माणसानं अशा बोलण्यावर पाठ फिरवली असती. मित्रासाठी तरी नाही म्हटलं असतं. पण लायनलचा गोल चेहरा असा उजळला की बघवेना.

"शनिवार-रविवार, दोन्ही दिवस?" त्यानं विचारलं.

"सोमवारी पण ये."

रसेल निरोप न घेता आपल्या गाडीतून पसार झाला. डेस्मंड लायनलच्या शेजारी बसला, बंदूक मागच्या सीटवर. दोन्ही बाजूंनी सपाट काळी शेतं मागं पडत होती. डेस्मंड वाट बघत होता, हा आता म्हणेल, अरे, मी कसला जातोय तुला सोडून. काल खुर्चीवर चढून केलेली टवाळी, मघाशी केलेलं बोट, सगळं सोयीनं विसरून तो वाट बघत होता. लायनल स्वतःशीच शीळ घालत होता.

त्याच मुलखातल्या बॉस्टन गावाच्या अलीकडे डेस्मंडला राहवेना. "शनिवारी किती वाजता निघायचं मग?" अगदी सहज विचारावं तसं त्यानं विचारलं.

लायनलनं समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरला आधी वाट दिली.

"तुझं मालकांना विचारावं लागेल," तो म्हणाला. "बघतो विचारून. शब्द नाही देत."

"विचार हं," डेस्मंड म्हणाला. गाडी आणखी एक चर ओलांडून गेली. "आठवणीनं विचार, लायनल."