उंबरठ्यावरचा चहा

मंडळी, कोपरखैरण्यात आमचं घर तळमजल्यावर. समोरचा रस्ता काँक्रीटचा होऊन घरापेक्षा वर गेला, तेव्हापासून जोराचा पाऊस आणि खाडीची भरती एकत्र आली की पाणी घरात. म्हणून आज सकाळी गवंड्याकडून उंबरठा गुडघाभर उंच करून घेतला.

दुपारी शेजारच्या इंदूमावशी नेहमीसारख्या आईकडे चहाला आल्या. पाय उचलला, पण उंबरठा काही ओलांडता येईना. "राहू दे गं, गुडघा नाय वाकत," म्हणाल्या आणि परत वळल्या.

आईने हाक मारून त्यांना बाहेरच स्टूल दिलं, स्वतः आत खुर्ची घेतली. कप मधे, उंबरठ्यावर.

ओल्या सिमेंटवर दोन कपांचे दोन गोल उठलेत. मी पुसले नाहीत.

पाणी अडेल आता. पण मावशी आत कशा येतील, सांगा ना कुणीतरी?