दादांच्या मागची मांजरं

अख्ख्या रोडपालीत मांजरांचं प्रेम कुणाला लाभलं असेल तर ते आमच्या हिच्या मावसभावांना, आणि तेही कधी घोटभर दूध न पाजता. दादा आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. केकमध्ये अंडं नाही ना, हे दोनदोनदा विचारून मग तुकडा उचलणारे हे गृहस्थ संध्याकाळी तळोज्याच्या कारखान्यातून परतले, की फाटकापासून जिन्यापर्यंत चार-पाच मांजरं शेपट्या ताठ करून त्यांच्यामागे चालत. कारण दादा रसायनशास्त्रज्ञ, आणि त्यांचा जन्म गेला अमाइन नावाच्या रसायनांत. या रसायनांना सडक्या मासळीसारखा वास असतो. तो दादांच्या शर्टात, चष्म्याच्या काड्यांत, डब्याच्या पिशवीत मुरला होता. शेअर रिक्षात त्यांना नेहमी ऐसपैस जागा मिळे. पनवेलच्या बाजारात कोथिंबीर घ्यायला गेले, तरी पलीकडची मासळीवाली हसायची, "मावरं खात नाय म्हनता, मंग ह्यो वास कसला, दादा? घरी सांगत नाय मी."

दादांना त्याचं काही नव्हतं. त्यांना ध्यास एकच. अमाइनपासून औषधांचा कच्चा माल करताना पॅलेडियम हा महागडा धातू उत्प्रेरक म्हणून लागतो, त्याच्या जागी साधं लोखंड चालवून दाखवायचं. लोखंड मात्र अर्ध्यातच अंग टाकायचं. न बदललेलं अमाइन उरायचं, आणि त्याचाच वास घेऊन दादा घरी यायचे. निवृत्ती तोंडावर आली होती आणि साहेबांनी सांगून टाकलं होतं, तुम्ही गेलात की हा प्रयोग बंद. तरी दादा आमटीत चमचा फिरवत मला समजावायचे, "उत्प्रेरक कसा, सगळं घडवून आणतो आणि स्वतः जसाच्या तसा राहतो." त्यावर वहिनी पोळी वाढत म्हणायच्या, "जसेच्या तसे तर तुम्हीही राहता. घडवून काय आणता, ते सांगा."

निवृत्तीच्या थोडं आधी, एका संध्याकाळी मी फाटकाशी उभा होतो. गेले काही दिवस दादांच्या मागची मांजरं कमी होत चालली होती, पण मी मेल्याने ते उन्हाच्या खात्यावर टाकलं होतं. त्या दिवशी दादा आले, कठड्यावरच्या मांजरांनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"दादा, जमलं?"

"जमलं. सगळं बदलतंय, मागे काही उरत नाही. खात्री झाल्याशिवाय बोलणार नव्हतो." मला इतका आनंद झाला, की मी त्यांना तिथेच मिठी मारली, आयुष्यात पहिल्यांदा श्वास न रोखता. वहिनींनी शिरा केला. दादांनी दोनदा मागून घेतला, पण मधेमधे उठून ते दाराबाहेर डोकावत होते.

आता ते निवृत्त आहेत. कारखान्यात लोखंडच चालतं. दादा मात्र रोज पनवेलला जाऊन मूठभर मांदेली आणतात, पिशवी हातभर लांब धरून, तोंड फिरवून. मासळीवाली म्हणते, "मी म्हनलंच होतं." संध्याकाळी फाटकाशी पूर्वीपेक्षा जास्त मांजरं जमतात.

"आली की हो सगळी परत," मी परवा म्हटलं.

दादांनी रिकामी पिशवी झटकली. "आली, जावईबापू. पण पूर्वी नुसती यायची."