मूठभर गूळ

खासबागेतल्या राजाबाईच्या मागाच्या खोलीला छत नव्हतं, आणि आठ दिवसांत ते येणार असं सगळ्यांना वाटत होतं, याला कारण भावकू गवंड्याची जीभ. लढाईचे दिवस. पत्रा मिळेना, आणि दगडी फरशी मातीच्या भिंतींना पेलणारी नव्हती. भावकूनं पारावर सांगून टाकलं, "स्टेशनात इंजिनाची राख झाडत्यात, त्यातलं जळकं खडं सिमेंटात घालून हलकी फरशी वततो. पुढच्या सोमवारी वर चौघं उभं करा, मी खाली बसून भाकरी खातो."

पारावरची माणसं देणंघेणं विसरतात, असली वचनं नाही.

साच्यांत सहा फरश्या ओतल्या, आत सळ्यांऐवजी जुन्या पिंपांच्या लोखंडी पट्ट्या. तिसऱ्या दिवशी भावकूनं अंगठा दाबला, तो आत गेला. चौथ्या दिवशीही गेला. शेजारचा नागोजी विणकर रोज सकाळी विचारी, "आण्णा, खरवस झाला काय?"

पाचव्या दिवशी भावकूनं ओव्हरसियर शरच्चंद्रांना हातापाया पडून आणलं.

"काय काय घातलंस?"

"सिमेंट, खडं, वाळू. आनि गूळपानी."

"सिमेंटात गूळ?"

"चुन्यात घालतोच की सायेब. आमच्या निपाणीकडं गुळाबिगर चुना मळला तर म्हातारं गवंडी कामावरनं हाकलायचं."

"चुन्याला गूळ मानवतो. सिमेंट मात्र त्यानं झोपी जातं."

"उठतं का न्हाय मग?"

"थोडा असेल तर उशिरा उठतं. जास्त असेल तर उठतच नाही. किती घातलास?"

"अर्धा शेर," भावकू म्हणाला.

गूळ विरघळवला होता त्याच्या बायकोनं. दाराआडून अंबुबाई पुटपुटली, "मूठभरच घातलाय."

"अर्धा शेर दिलता की गं."

"चहात काय घालायचं मग? माती?"

साहेबांनी तिला मूठ दाखवायला लावली. मूठ लहान होती. "फरश्या भिजत्या ठेवा, हलवू नका," एवढंच सांगून ते गेले. सगळ्या खासबागेला अंबुबाईच्या गुळाच्या डब्याचा पत्ता आधीपासूनच होता. नवऱ्यालाच तेवढा नव्हता.

शनिवारी अंगठा निम्मा गेला. रविवारी नुसता ठसा उमटला. सोमवारी नखानंही ओरखडा येईना.

एक फरशी दोघांनी उचलून भिंतींवर टेकवली. वर चौघं चढले, मुद्दाम जाडजूड नागोजीसकट. भावकू खाली बसला. भाकरीवर वाळूचे दोन कण पडले. तो चावायचा थांबला.

"नागोजी, पाय हलवू नगंस."

"हलवला न्हाय रं. वाकून बघतुय, भाकरीसंगं कोरड्यास काय हाय."

भावकूनं फडक्याचं दुसरं टोक उलगडलं. भाकरीसोबत अंबुबाईनं गुळाचा खडा ठेवला होता. त्यानं तो आधी खाल्ला, मग सावकाश उरलेली भाकरी. शेवटचा तुकडा गिळून होईपर्यंत राजाबाईनं माग आत आणू दिला नाही.