कंदीलवाला पोट्टा

मी अकोट सोडलं त्या दिवशी ऊन असं होतं, की एसटीच्या टपावरची माझी पेटी अकोल्याला उतरवली तर मायनं दिलेले पापड आत भाजून तयार! शेजारच्या प्रवाशानं दोन मागून खाल्ले. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण त्या दिवसाची दुसरी गोष्ट खरी आहे, आणि तिची मला आज गंमत वाटत नाही.

घरातून निघालो तेव्हा टीव्ही गेम चालू होता.

कॅसेट अमरावतीच्या मावसभावानं, मन्यानं आणलेली. फुंकर मारून गेमच्या डब्ब्यात खुपसली की हातात कंदील घेतलेला एक पोट्टा विहिरीत उतरायचा, भुयारं ओलांडायचा आणि शेवटी एका बंद दारापाशी येऊन थांबायचा. पडद्यावरची अक्षरं कुठल्या मुलखाची कोण जाणे, म्हणून कथा आमच्या गल्लीनंच ठरवली: पोट्टा हरवलाय, आणि ते दार त्याच्या घराचं. बंद केला की खेळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आम्ही डब्बा दिवसचे दिवस चालूच ठेवायचो. तापू नये म्हणून त्यावर ओला दुपट्टा पिळून टाकायचा आणि कूलर त्याच्याकडे वळवायचा. माणसं शिजायची, डब्बा गार.

ते दार मन्यानं सगळ्यांत आधी उघडलं. त्याच आठवड्यात त्याचे आजोबा गेले. आजोबा नव्वदीपलीकडचे, एकदा तर तिरडीवरून उठून चहा मागितलेले, हा भाग आम्ही सोयीनं गाळला. मग धामणगावच्या एका पोरानं उघडलं, तर त्याचा काका गेला. गेला म्हणजे बदली होऊन नागपूरला, पण गेलाच ना! गल्लीत पक्कं झालं: दार उघडतो त्याच्या घरातलं एक माणूस कमी होतं.

निघायच्या दिवशी मी त्या दारापाशी पोचलो होतो. बटण तेवढं दाबायचं बाकी. अंगणात पेटी उचलून उभे असलेले बाबा ओरडले, "चाल बे, एसटी काय तुया बापाची हाय?" मी माझ्या बापाकडे पाहिलं आणि बटणावरचा अंगठा उचलला.

"बंद नका करू," मी म्हटलं. "दिवाळीत येऊन दार उघडतो."

"नाही करत. तू जाय."

काळ्या मातीतला माणूस, एकदा हो म्हटलं की बैलांनी ओढला तरी हलायचा नाही. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा बाबांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून डब्ब्याला जोडली. टीव्ही बंद असायचा, पण डब्ब्यावरचा लाल दिवा चालू. दुपट्टा वाळला की माय बदलायची. दर दिवाळीला मी टीव्ही लावायचो. पोट्टा तसाच दारात उभा, छाती वरखाली होतेय. मी बघायचो आणि टीव्ही बंद करायचो. "उघडत काहून नाही?" बाबा विचारायचे. मी म्हणायचो, "पुढच्या खेपेले."

पुण्यात मी 'मले' गिळून 'मला' म्हणायला शिकलो. कंपनीतली स्टँडअप मीटिंग, डेडलाइन, पार्किंगचं स्टिकर, सगळं जमलं. नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटला घरही म्हणू लागलो. त्याचं दार कार्ड टेकवलं की उघडतं. आत कुणी वाट बघत असायची गरजच नाही.

यंदा बाबा विसरायला लागले. आधी वावरांची नावं गेली, मग माझं.

"दिवसभर टीव्हीसमोर बसून रायतेत," माय फोनवर म्हणाली. "म्हन्तेत, पोट्टा केव्हाचा उन्हात उभा हाय, कोनी दार काहून उघडत नाही?"

मी घाईनं म्हटलं, "माय, गेमचा रिमोट लपव."

"लपवला होता. रडले लेकरावानी. मंग देल्ला."

मी तिला गल्लीतली ती गोष्ट सांगितली. ती हसली. "गल्लीत सगळ्यात मोठा थापाड्या तू, अन् थापेले भेतोस?"

आज दुपारी तिचा पुन्हा फोन आला. "उघडलं त्यायनं."

मागून बाबांचा आवाज आला, अकोटच्या बाजारात हाक मारायचे तसा खणखणीत. त्यांनी माझं नाव घेतलं! किती महिन्यांनी. म्हणाले, "आला घरात. आता बंद करा."

"मंग सोतानंच बटन बंद केलं," थोड्या वेळानं माय सांगू लागली. "दुपट्ट्याची घडी केली अन् जाऊन झोपले. दुपारी कधी झोपत नाहीत रे ते."

मी फोन ठेवला. मिळेल त्या गाडीत चढलो.

भुसावळ मागं गेलंय. मघापासून फोन लावतोय, नुसती रिंग जाते. गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, इतकी वर्षं मला वाटायचं, घर म्हणजे आपण परतेपर्यंत जिथं कुणी काही बंद करत नाही ती जागा. तो दिवा आता बंद आहे. आयुष्यभर लोकांनी माझ्या थापा खऱ्या मानाव्यात म्हणून मी धडपडलो. आज एवढंच मागतो, की गल्लीतली ती थाप थापच निघावी.

पोट्टा घरात गेलाय. दारात उभं राहायची पाळी आता माझी आहे. आतून बाबांनी म्हणावं, "काहून उभा हाय बे उन्हात?"