पहिल्याच वेळी हो

नातीसोबत एक जपानी ॲनिमे मालिका बघत होते. गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची. एक जपानी मुलगी फ्रान्समधल्या एका दुकानदाराच्या घरी राहायला आलेली. घरची बाई तिच्यापुढे केक धरते, मुलगी मान खाली घालून नको म्हणते. बाई हसून बशी परत नेते आणि मुलगी त्या बशीकडे बघत राहते.

"हवा होता तर नको कशाला म्हणाली?" नातीने विचारलं.

मला ते न सांगता कळलं होतं. मुलाकडे जर्मनीला पहिल्यांदा गेले तेव्हा शेजारच्या बाईंनी कॉफी विचारली. मी रीतीप्रमाणे नको म्हटलं आणि आता आग्रह होईल म्हणून वाट बघत बसले. त्यांनी माझ्या नकाराचा मान राखला आणि माझ्यासमोर एकट्याच कॉफी प्यायल्या. पुढे तिथे चार वर्षं काढली, तेव्हा कुठे पहिल्याच वेळी हो म्हणायची सवय लागली.

परतल्यावर साताऱ्याला धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले. "ताई, अजून एक पोळी घे," ती म्हणाली. "वाढ," मी म्हटलं. तिचा हात क्षणभर तसाच राहिला. अर्धी तरी घे, माझी शपथ आहे, हे सगळं तिचं बोलायचं राहून गेलं. पुरणपोळी मऊ होती, तूप सढळ होतं, पण जेवल्यासारखं दोघींनाही वाटलं नाही.

मालिकेतली मुलगीही हळूहळू हो म्हणायला शिकेल. मला काळजी आहे ती जपानला परत जाईल तेव्हाची.